वाचक विचारतात : गल्लीतली तक्रार, मोबाईल आणि शेजारी

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. घरपट्टी, वारस नोंद आणि मिळकत पत्रिका मागे पडतात आणि तुंबलेली गटारे, उसळणारी चेंबर, बंद पथदिवे आणि खड्डे यांची पत्रे वाढू लागतात. या वेळी सांगली, मिरज आणि जिल्ह्याच्या ग्रामीण भागांतून आलेल्या पत्रांत एक धागा समान आहे. बहुतेकांकडे मोबाईल आहे, गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सरकारी पोर्टलची माहितीही आहे, आणि तरीही दारातले काम जिथल्या तिथे आहे. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही सांगलीत शामरावनगर परिसरात राहतो. जोराचा पाऊस झाला की आमच्या गल्लीतले ड्रेनेजचे चेंबर उसळते आणि घाण पाणी तीन-चार घरांच्या उंबऱ्याला लागते. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये २४० माणसे आहेत. दर वर्षी त्यावर फोटो पडतात, लोक संताप व्यक्त करतात आणि पाणी ओसरले की विषयही ओसरतो. गेल्या वर्षी मी आपले सरकार पोर्टलवर तक्रार नोंदवली. काही दिवसांनी तक्रार निकाली काढल्याचा संदेश आला, पण प्रत्यक्षात कोणी फिरकलेही नाही. मग या पोर्टलचा उपयोग तरी काय?

उत्तर : आपला उद्वेग मला समजतो, कारण मी त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. मी चौदा वर्षे एका नगरपालिकेत तक्रार नोंदीच्या टेबलावर काम केले, आणि नोकरी संपल्यानंतर एक साधी रहिवासी म्हणून तक्रारीही केल्या. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एकदा चेंबरचे झाकण फुटले होते. कोणीतरी त्या भोकात बाभळीची फांदी खोचली आणि तिला जुन्या साडीची लाल पट्टी बांधली. अकरा दिवस ती फांदी तशीच उभी होती. ग्रुपवर तिचे सात फोटो आले, येणारी-जाणारी माणसे वळसा घालून जात राहिली, आणि बाराव्या दिवशी मी कार्यालयात चौकशी केली तेव्हा समजले की त्या झाकणाची एकही तक्रार नोंदवहीत आलेली नाही. प्रत्येकाला वाटत होते की एवढ्या माणसांपैकी कोणीतरी कळवलेच असेल. आपल्या २४० जणांच्या ग्रुपमध्ये हेच घडत असण्याचा दाट संभव आहे. ग्रुपवरचा फोटो शेजाऱ्यांना सावध करतो, आणि तेवढे काम मोलाचेही आहे, परंतु ज्याने दुरुस्ती करायची त्याच्या टेबलावर तो पोहोचत नाही. तिथे पोहोचतो तो नोंद झालेला अर्ज, आणि नोंद झाल्याचा पुरावा म्हणजे तक्रार क्रमांक.

आता पहिली तक्रार कोठे करायची ते पाहू. ड्रेनेजचे चेंबर ही सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची जबाबदारी आहे, त्यामुळे सुरुवात महापालिकेपासूनच करावी : तिच्या ऑनलाइन तक्रार सुविधेवर किंवा आपल्या प्रभाग समितीच्या कार्यालयात. कचरा आणि सार्वजनिक स्वच्छतेच्या तक्रारींसाठी केंद्र सरकारचे स्वच्छता ॲपही आहे, ज्यातील तक्रार संबंधित शहराच्या यंत्रणेकडे जाते. राज्य सरकारचे आपले सरकार पोर्टल २०१५ पासून आहे आणि त्यावरील तक्रारीसाठी २१ दिवसांची मुदत ठरलेली आहे. पण तेथे केलेली तक्रारही शेवटी टप्प्याटप्प्याने खाली उतरून त्याच प्रभागातल्या त्याच कनिष्ठ अभियंत्याकडे येते. म्हणून ती दुसरी पायरी समजावी आणि तीत महापालिकेकडील पहिल्या तक्रारीचा क्रमांक व तारीख लिहावी. वरच्या अधिकाऱ्याला तो क्रमांक दिसला की खालच्या कार्यालयाला ‘आमच्याकडे अशी तक्रार आलीच नाही’ असे कळवता येत नाही.

तक्रारीची भाषा हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि माझ्या मते अर्धे काम तेथेच अडते. टेबलावरचा लिपिक पहिल्या दोन ओळी वाचून ती कोणत्या विभागाला पाठवायची ते ठरवतो. ‘आमच्या भागाकडे प्रशासनाचे पूर्ण दुर्लक्ष आहे, रस्ते नाहीत, गटारे नाहीत, डास वाढले आहेत’ अशी तक्रार आली, तर ती बांधकाम, जलनिस्सारण आणि आरोग्य या तीन टेबलांमध्ये फिरत राहते आणि प्रत्येक टेबलाला ती दुसऱ्याची वाटते. त्याऐवजी एका तक्रारीत एकच गोष्ट लिहावी, आणि ती अशी : ‘अमुक गल्लीत, अमुक किराणा दुकानासमोरील ड्रेनेज चेंबर दि. १२ जून रोजी सायंकाळी ६ ते ८ या वेळेत उसळून सांडपाणी चार घरांच्या उंबऱ्यापर्यंत आले. दि. १३ रोजी पाऊस नसतानाही चेंबर काठोकाठ भरलेले होते. चेंबर व पुढील वाहिनीची सफाई करून मिळावी आणि वाहिनी खचली आहे का याची पाहणी करावी.’ यात पाऊस नसतानाही चेंबर भरलेले आहे हे वाक्य फार महत्त्वाचे आहे, कारण त्यावरून अभियंत्याला समजते की प्रश्न केवळ पावसाच्या पाण्याचा नाही, पुढे कोठेतरी वाहिनी तुंबलेली आहे.

फोटो दोन घ्यावेत. एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी, विजेचा खांब किंवा मंदिराचा कळस अशी कायमची खूण येईल, आणि दुसरा जवळून. फोटोवर तारीख, वेळ आणि ठिकाण उमटवणारी ॲप आता सर्रास वापरली जातात आणि ती वापरावीतही. मात्र मोबाईलने दाखवलेले ठिकाण काही मीटरने चुकू शकते, आणि दाटीच्या वस्तीत काही मीटर म्हणजे पलीकडची गल्ली. त्यामुळे पत्ता शब्दांतही लिहावा. कामगार आला, त्याला चेंबर सापडले नाही आणि ‘जागेवर तक्रार आढळली नाही’ असा शेरा पडला, अशी उदाहरणे मी स्वतः फायलीत पाहिली आहेत.

राहिला ‘निकाली’ या शब्दाचा प्रश्न. कार्यालयीन व्यवहारात या शब्दाचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की तो कागद त्या टेबलावरून हलला. ‘पुढील कार्यवाहीसाठी अमुक विभागाकडे वर्ग’ असे उत्तर दिले तरी पडद्यावर तक्रार बंद दिसते. हे योग्य आहे असे मी मुळीच म्हणत नाही, पण ते माहीत असले तर पुढची पावले शांतपणे टाकता येतात. असा संदेश येताच त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा, त्याच दिवशी जागेचा नवा फोटो काढावा, पोर्टलवर असमाधान नोंदवण्याची सोय असेल तर तेथे ते कारणासह नोंदवावे, आणि जुन्या क्रमांकाचा उल्लेख करून नवी तक्रार करावी. एवढ्यानेही हालचाल झाली नाही तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. तो ऑनलाइनही करता येतो, शुल्क १० रुपये आहे आणि माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. अर्जात ‘काम का केले नाही’ असे विचारू नये, कारण असे स्पष्टीकरण देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. कार्यालयात जे कागद असायला हवेत त्यांच्या प्रती मागाव्यात : जागेची पाहणी कोणी व कोणत्या तारखेला केली त्याची नोंद, पाहणी अहवाल, आणि तक्रार निकाली काढण्याचा शेरा असलेली टिपणी. पाहणी झालेलीच नसेल तर ते या उत्तरातून उघड होते. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

येथेच एक गैरसमज दूर करते. अनेक पत्रांत महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा आधार घेतलेला असतो. तो कायदा दाखले, नोंदी, परवाने, नळजोडणी अशा अधिसूचित सेवा मुदतीत मिळण्यासाठी आहे. तुंबलेल्या चेंबरच्या तक्रारीला तो सहसा लागू पडत नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नये.

आपल्या ग्रुपचे काय करावे? तो मोडू नका. त्यातल्या सात-आठ जणांचा पाठपुराव्यापुरता वेगळा लहान ग्रुप करा आणि त्यात फक्त चार गोष्टी लिहा : तक्रार क्रमांक, तारीख, कोणाकडे, आणि पुढच्या चौकशीला कोण जाणार. मोठ्या ग्रुपच्या वर्णनात, म्हणजे नावाखाली जी कायम दिसणारी जागा असते तेथे, चालू तक्रारीचे क्रमांक लिहून ठेवा. ज्या चार घरांत पाणी शिरते त्या चौघांनी स्वतःच्या नावाने स्वतंत्र तक्रारी कराव्यात. एकच मजकूर २४० जणांनी पाठवण्यापेक्षा चार घरांच्या चार तारखांच्या चार नोंदी अभियंत्याला अधिक सांगतात. आणि दर आठवड्याला कोणीतरी एकाने प्रभाग कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन क्रमांक दाखवून विचारावे. माझ्या टेबलासमोर जो माणूस तिसऱ्यांदा, न चिडता, तोच क्रमांक घेऊन उभा राहत असे, त्याची फाइल मी स्वतः उठून शोधत असे.

प्रश्न : मिरजेत आमच्या घराजवळचा पथदिवा दोन महिने बंद आहे. महावितरणकडे तक्रार केली तर ते महापालिकेचे काम आहे असे सांगतात. खांब तर विजेचाच आहे. नेमके कोणाला सांगायचे?

उत्तर : खांब महावितरणचा असला तरी त्यावरचा पथदिवा लावणे आणि चालू ठेवणे हे महापालिकेचे काम आहे, त्यामुळे दिव्याची तक्रार महापालिकेच्या विद्युत विभागाकडे करावी. तार लोंबकळत असेल, खांब वाकला असेल, ठिणग्या पडत असतील किंवा घरातला वीजपुरवठा बंद असेल तर मात्र महावितरणचे ॲप किंवा १९१२ हा क्रमांक. घरगुती पुरवठ्याच्या तक्रारीला वीज बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवावा. खांबावर रंगाने क्रमांक लिहिलेला असेल तर तो तक्रारीत आवर्जून द्यावा, कारण एका रस्त्यावरच्या वीस खांबांतून नेमका कोणता ते त्याने लगेच समजते.

रस्त्यांच्या बाबतीतही असाच घोळ होतो. शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि काही राष्ट्रीय महामार्गाच्या यंत्रणेकडे असतात. माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो योग्य ठिकाणी पाच दिवसांत पाठवण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. साध्या तक्रारीला असे संरक्षण नाही, म्हणून खड्ड्याची तक्रार करण्यापूर्वी रस्ता कोणाकडे आहे हे प्रभाग कार्यालयात एकदा विचारून घ्यावे आणि ते उत्तर ग्रुपवर सर्वांसाठी लिहून ठेवावे.

प्रश्न : विश्रामबागेतील आमच्या सोसायटी परिसराच्या ग्रुपची मी ॲडमिन आहे. गेल्या महिन्यात एका सदस्याने एका फिरस्त्याचा फोटो टाकून ‘हा मुले पळवणाऱ्या टोळीतला आहे, दिसताच पकडा’ असा मजकूर पाठवला. मी तो काढायला सांगितला तर काही जण माझ्यावरच रागावले. एखादवेळी खरे निघाले तर जबाबदारी कोणाची, असे त्यांचे म्हणणे. ॲडमिन म्हणून माझ्यावर कायदेशीर जबाबदारी येते का?

उत्तर : ताई, आपण केले ते अगदी योग्य केले, आणि त्यासाठी लोकांचा राग सोसावा लागला तरी मागे हटू नका. हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला परका नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारे समजून जमावाने काठ्यांनी आणि पट्ट्यांनी मारले. त्यांच्याकडे तसे काहीही आढळले नाही. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेतून पाच भिक्षेकऱ्यांचा जमावाने जीव घेतला. ती माणसे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातली होती, पोटासाठी गावोगाव फिरणारी. ‘खरे निघाले तर’ असे म्हणणाऱ्यांना या पाच जणांची आठवण करून द्यावी.

कायद्याबाबत सांगायचे तर, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे स्पष्ट केले आहे की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही. तसा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसले पाहिजे. मजकूर टाकणारा आणि पुढे पाठवणारा मात्र सुटत नाही. भीती पसरवणारी खोटी माहिती प्रसृत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा ठरू शकतो. म्हणजे आपण काळजी करण्याचे कारण कमी आणि पुढे पाठवणाऱ्यांनी करण्याचे कारण अधिक आहे.

ॲडमिनला आता कोणाही सदस्याचा संदेश सर्वांसाठी काढून टाकता येतो, तो अधिकार वापरा. संदेशाच्या वर दोन बाण दिसत असतील तर तो अनेक हातांतून फिरून आलेला आहे, म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतः काहीही पाहिलेले नाही, हे ग्रुपला एकदा नीट समजावून सांगा. तणावाच्या काळात एक-दोन दिवस फक्त ॲडमिनच लिहू शकतील अशी व्यवस्था ठेवली तरी चालते. खरोखरच कोणाविषयी शंका आली तर ११२ क्रमांकावर कळवायचे आणि पोलीस येईपर्यंत लांब राहायचे. ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. माझी स्वतःची शिफारस अशी आहे की ग्रुपच्या वर्णनातच एक ओळ कायमची लिहावी : ‘या ग्रुपवर कोणत्याही अनोळखी व्यक्तीचा फोटो टाकू नये.’ नियम आधीच लिहिलेला असला की वेळेला एकट्या बाईमाणसाला वाद घालत बसावे लागत नाही.

प्रश्न : मी पदवीचे शिक्षण घेत आहे. आमचे गाव तासगाव तालुक्यात आहे. मराठी शाळेसमोरच्या सांडपाण्याचा व्हिडिओ मी फेसबुकवर टाकला. दोन दिवसांत गटार साफ झाले, पण ग्रामपंचायतीतील मंडळी आमच्या घराशी बोलेनाशी झाली. वडील म्हणतात, पोस्ट काढ. मी चुकलो का?

उत्तर : शाळेसमोरचे सांडपाणी हटावे असे वाटणे आणि त्यासाठी बोलणे यात चूक नाही. पण एक प्रश्न स्वतःला विचारा. व्हिडिओ टाकण्यापूर्वी तुम्ही ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) लेखी अर्ज दिला होता का? आपल्या पत्रावरून तसे दिसत नाही. गावात माणसे एकमेकांच्या बांधाला लागून राहतात. सरपंचाला न सांगता त्याच्या पाहुण्यांच्या मोबाईलवर गावाची घाण दिसली, तर तो त्याला तक्रार मानत नाही, अपमान मानतो. शहरात फेसबुकवरची पोस्ट एका कार्यालयाला लागते, गावात ती एका घराला लागते.

पोस्ट काढण्याची गरज मला वाटत नाही. तिच्याखाली साफ केलेल्या गटाराचा फोटो टाका आणि ग्रामपंचायतीने दोन दिवसांत काम केले असे तितक्याच ठळकपणे लिहा. ते खरेच आहे, आणि वडिलांच्या मनावरचा भार त्याने उतरेल. यापुढे क्रम बदला. आधी अर्ज आणि त्याची पोच, मग ग्रामसभा, आणि त्यानंतरही काही झाले नाही तर जाहीर लिखाण. ग्रामसभेत बोलण्यापूर्वी केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर किंवा मेरी पंचायत ॲपवर आपल्या गावाचा विकास आराखडा आणि झालेला खर्च पाहून ठेवा. ‘गटारे का होत नाहीत’ असे विचारण्यापेक्षा ‘आराखड्यात शाळेसमोरच्या गटाराचे काम धरले आहे, ते कोणत्या टप्प्यावर आहे’ असे विचारले तर उत्तर द्यावे लागते आणि कोणाच्या मनालाही लागत नाही. फोटो कामाचे काढा, माणसांचे नको. शाळेतल्या मुलांचे चेहरे तर कधीच येऊ देऊ नका. गावचा रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर त्यासाठी मेरी सडक ॲप आहे, तेथील तक्रार योजनेच्या यंत्रणेकडे जाते.

प्रश्न : माझे वय ७८ आहे. खणभागात एकटा राहतो. मोबाईल साधा आहे. सर्व काही ऑनलाइन झाले म्हणता, मग आमच्यासारख्यांनी काय करायचे?

उत्तर : काका, कागदावरचा अर्ज आजही तितकाच ग्राह्य आहे. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन ती पोच जपून ठेवावी. अर्ज करूनही काम झाले नाही तर लोकशाही दिनाचा मार्ग आहे. महापालिका आणि जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि त्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. गल्लीतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला ऑनलाइन तक्रार भरून द्यायला सांगायलाही संकोच करू नये, फक्त तक्रार आपल्या नावाने करावी. त्या वेळी येणारा ओटीपी तक्रारीपुरता आपण स्वतः वाचून सांगावा, मोबाईल हातातून देऊ नये, आणि बँकेचा ओटीपी कोणालाही सांगू नये.

प्रश्न : आम्ही सांगलीवाडीचे. २०१९ च्या महापुरात बोट पाहिजे, दूध पाहिजे, औषध पाहिजे असे संदेश शेकड्यांनी फिरत होते. आमच्या शेजारच्या आजींना बाहेर काढून दोन दिवस झाले तरी त्या अडकल्याचा संदेश पुण्या-मुंबईहून आम्हालाच परत येत होता. पुन्हा तशी वेळ आली तर मोबाईलचा नीट उपयोग कसा करावा? आमचे तरुण मंडळ तयारी करायला तयार आहे.

उत्तर : आपल्या मंडळाने पूर यायच्या आधी हे विचारले, याचा मला मनापासून आनंद झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि जुलै २०२१ मध्ये ती पुन्हा सुमारे ५५ फुटांवर पोहोचली. तेथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे आकडे आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असतात. पण आपल्या घराच्या पायरीला पाणी किती फुटांवर लागते, आणि गल्लीचा बाहेर पडण्याचा रस्ता किती फुटांवर बंद होतो, हे दोन आकडे फार थोड्या घरांत लिहिलेले असतात. मंडळाने पहिले काम हे करावे. मागच्या पुरांच्या खुणा भिंतींवर अजून आहेत, जुन्या माणसांच्या आठवणी आहेत. त्यांवरून प्रत्येक गल्लीसमोर तिचा आकडा लिहून ती यादी ग्रुपवर टाकावी. मग ‘पातळी ४३ फूट, वाढत आहे’ असा सरकारी संदेश आला की कोणत्या गल्लीने सामान बांधायचे ते वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरे काम मदतीच्या संदेशाचा नमुना ठरवण्याचे. फिरत राहणाऱ्या त्या शेकडो संदेशांचा मोठा दोष म्हणजे त्यांवर तारीख आणि वेळ नव्हती. संदेश असा असावा : ‘९ ऑगस्ट, सकाळी ७.४०. सांगलीवाडी, अमुक मंदिरामागे, पांढरी दुमजली इमारत, गच्चीवर निळी ताडपत्री. माणसे ५, त्यांत अंथरुणावरचे १, तान्हे मूल १. पाणी जिन्याच्या आठव्या पायरीवर. बोट हवी. संपर्क अमुक.’ पत्ता पाण्यावरून दिसेल असा द्यायचा, कारण घर क्रमांकाच्या पाट्या आणि गल्लीचे फलक तेव्हा पाण्याखाली असतात. गच्ची, टाकीचा रंग, झेंडा, ताडपत्री हाच पत्ता. हा संदेश आधी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ क्रमांकावर फोन करून सांगायचा आणि त्यानंतर ग्रुपवर लिहायचा. माणसे बाहेर निघाली की त्याच संदेशाला उत्तर देऊन ‘सुटका झाली, दुपारी १.१५’ असे लिहायचे आणि ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांनाही तेच कळवायचे. हे एक माणूस नेमून त्याच्याकडे सोपवावे, आणि शक्य तर तो सांगलीवाडीबाहेर, कोरड्या जागी, वीज असलेल्या घरात बसलेला असावा. नोकरीनिमित्त परगावी असलेली आपली मुले या कामाला उत्तम. पूर पाहून त्यांचा जीव तुटतो आणि हाताला काम नसते.

तिसरी गोष्ट आपण विचारलेली नाही, तरीही सांगते. कोण एकटे राहते, कोणाचे डायलिसिस चालू आहे, कोणत्या घरात गरोदर सून आहे, कोण अंथरुणाला खिळलेले आहे, याची यादी जून लागण्यापूर्वी हवी. पण ती २०० माणसांच्या ग्रुपवर टाकू नये. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी चोराच्या हाती गेली तर काय होईल याचा विचार करा, आणि आपला आजार गल्लीभर वाचला जावा असे कोणालाही वाटत नाही. ही यादी दोन-तीन विश्वासू माणसांकडे असावी, ज्यांची नावे यादीत आहेत त्यांना विचारून केलेली असावी, आणि कागदावर असावी. पुरात वीज जाते, मोबाईलचे टॉवर बंद पडतात, दुसऱ्या दिवशी हातातला फोन नुसता आरसा होतो. यादीच्या तीन प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तीन वेगवेगळ्या घरांच्या वरच्या मजल्यावर ठेवा, आणि त्या आजींचे नाव त्यात आधी लिहा.